पेनड्राइव्हमधल्या अनोळखी फाइली

हातातलं काम चालू ठेवा, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, फक्त कान जरा इकडे असू द्या. आज आम्ही संगणकाबद्दल बोलणार आहोत. "आमच्या घरी कुठे संगणक?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्या गटाचा हिशोब कुठल्या तरी संगणकात आहे, लेकीच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमध्ये आहेत आणि मोबाइल तर प्रत्येकीच्या कमरेला आहे. मोबाइल म्हणजे छोटा संगणकच. म्हणून ही गोष्ट तुमचीही आहे. आणि गोष्ट सांगताना आमची चूकही सांगणार आहोत. लपवून ठेवली तर तुमच्या काय उपयोगाची?

तुम्हाला आठवत असेल, आम्ही चौघींनी दोन वर्षं आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. कुणी नव्वदीची, कुणी सत्तरीची. कुणी जातं वापरतही नाही, पण जात्यापुढे बसल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणून आम्ही जातं बाहेर काढायला लावलं. अशा २३ ओव्या झाल्या. त्यातल्या ६ एकाच आजींच्या. त्या आजी दिवाळीनंतर गेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवळाच्या ओसरीवर ह्या ओव्या लावायच्या असं ठरलं. आजींची नात सासरहून मुद्दाम आली होती. बायका जमल्या, सुगडं मांडली, साउंडवाल्या दादांनी पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. आम्ही २३ ओव्या भरल्या होत्या, पण स्पीकरवर आकडा आला ४६. पहिली ओवी लागली. मग मध्येच सगळं गप्प. थोड्या वेळानं दुसरी लागली. पुन्हा गप्प. बायका हसायला लागल्या. दादा म्हणाले, "ताई, व्हायरस आहे. फॉरमॅट मारा." फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्ह पार पुसून कोरा करणं. शेजारचा एक कॉलेजातला मुलगा लगेच लॅपटॉप घेऊन आला, त्याचंही तेच म्हणणं. त्याचं बोट बटणावर होतं. आम्ही म्हटलं, "थांब बाळा, आधी बघू तरी काय आहे ते."

बघितलं, तर प्रत्येक ओवीची जोडी होती. एक खरी फाइल आणि तिच्याच नावाची दुसरी, पण नावाआधी एक टिंब आणि एक आडवी रेघ. खरी फाइल चार-पाच एमबीची, ही दुसरी फक्त ४ केबीची. एक एमबी म्हणजे हजारएक केबी. म्हणजे खरी ओवी धान्याचं पोतं असेल, तर ही नुसती चिमूट. चिमटीत गाणं कसं मावणार? त्यात आवाज नव्हताच.

व्हायरस नव्हता तो. आमच्यातली एकजण ओव्या काटछाट करायचं काम ज्या जुन्या लॅपटॉपवर करते, तो मॅक पद्धतीचा आहे. मॅक संगणक प्रत्येक फाइलबरोबर थोडी जास्तीची माहिती सांभाळतो. ही फाइल कुठून आली, तिला कुठला रंग लावला, असलं काहीबाही. त्याच्या स्वतःच्या डिस्कवर ही माहिती ठेवायला आतच जागा असते. आपल्या साध्या पेनड्राइव्हची मांडणी मात्र वेगळी, तिथे तसा कप्पाच नाही. मग तो ती माहिती एका वेगळ्या फाइलीत बांधून शेजारी ठेवून देतो. मॅकवर ती दिसत नाही, म्हणून आमच्या ताईला २३च दिसत होत्या. स्पीकरला बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं नावाचा शेवट बघितला, गाण्याचा आहे असं समजून वाजवायला गेला आणि आत काहीच नाही म्हणून गप्प बसला. यात लॅपटॉपचा दोष नाही, स्पीकरचाही नाही. दोघांच्या घरच्या रीती वेगळ्या, एवढंच.

त्या टिंबवाल्या २३ फाइली काढून टाकल्या आणि ओव्या सलग लागल्या. आजींचा आवाज आला तेव्हा नात पदर तोंडाला लावून बसली होती. जाताना म्हणाली, "मावशी, एखादी तरी मला मोबाइलवर पाठवा." आम्ही तिथल्या तिथे एक ओवी ऑफिसच्या फोनवर घेतली आणि तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे टिंब आलं कुठून, ते सांगतो. १९७०च्या आसपास अमेरिकेत बेल लॅब्समध्ये युनिक्स नावाची संगणक चालवणारी व्यवस्था तयार होत होती. तिच्यात प्रत्येक फोल्डरच्या यादीत दोन नोंदी कायम यायच्या. एक नुसतं टिंब, म्हणजे 'हाच फोल्डर', आणि दुसरी दोन टिंबं, म्हणजे 'याच्या वरचा फोल्डर'. यादी बघताना त्या दर वेळी मध्ये येत. म्हणून यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला सांगितलं गेलं, की ज्या नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल ते दाखवू नकोस. लपवायच्या होत्या दोनच नोंदी. पण नियम असा लिहिला गेला, की टिंबानं सुरू होणारं काहीही लपायला लागलं. मग इतरांनी त्याचा फायदा घेतला आणि आपापल्या प्रोग्रॅमच्या चिठ्ठ्याचपाट्या टिंब लावून ठेवायची पद्धतच पडली. बेल लॅब्समध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली हा किस्सा लिहिला आणि ती चूक होती असंच म्हटलं. तेव्हाचा एक सोपा उपाय आज आपल्या मोबाइलपर्यंत पोचलाय. मॅक त्याच घराण्यातला, आणि अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या पायावर उभा, तिथेही टिंबाचीच रीत.

विंडोजची रीत निराळी. तिथे नावात टिंब असो नसो, फाइलीवर 'लपलेली' अशी खूण मारलेली असते. म्हणून मॅकवर लपलेली टिंबवाली फाइल विंडोजवर उघडी पडते, आणि विंडोजनं खूण मारून लपवलेली फाइल दुसरीकडे गेली की बहुतेक वेळा समोर येते. सुनेनं माळ्यावर ठेवलेलं सासूला पहिल्यांदा दिसतं, तसं.

तर हळदीकुंकवाच्या त्या दिवसानंतर आम्हाला भारी उत्साह आला. आमच्या ऑफिसच्या विंडोज संगणकावर 'लपलेल्या फाइली दाखव' हा पर्याय आम्ही चालू केला. त्याच्याही आत आणखी एक पर्याय असतो, संगणकाच्या स्वतःच्या राखीव फाइली दाखवण्याचा. चालू करताना संगणक 'नको' म्हणून सांगतो. आम्ही ऐकलं नाही, तोही चालू केला. आणि काय सांगू, दिवाळीच्या साफसफाईला फडताळामागे जे सापडतं, तसं झालं. जिकडेतिकडे अनोळखी नावं.

'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची फाइल तर पडद्यावर एक सोडून दोन. तिच्यात काय असतं? ह्या फोल्डरला कुठलं चित्र लावायचं, नाव कसं दाखवायचं, एवढंच. 'थम्ब्ज डॉट डीबी' म्हणजे फोटोंची छोटी चित्रं साठवलेली फाइल, फोल्डर उघडताच फोटो पटकन दिसावेत म्हणून. विंडोज एक्सपीच्या काळात ती फोटोंच्या जवळजवळ प्रत्येक फोल्डरात असायची. नंतरच्या विंडोजमध्ये ही छोटी चित्रं एकाच ठिकाणी जमा होतात, तरी जुन्या पेनड्राइव्हमध्ये ती अजून भेटते. मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये 'डीएस स्टोअर' असते, फोल्डरातल्या वस्तू कुठे मांडल्या होत्या ते लक्षात ठेवणारी. ह्या तिन्ही गेल्या तरी तुमचं फोटो-हिशोब काही जात नाही. काढल्या तरी पुन्हा तयार होतात, म्हणून त्यांच्यामागे लागण्यातही अर्थ नाही.

पण काही फाइली खूप मोठ्या असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो. 'पेजफाइल' ही मेमरी कमी पडली की संगणक वापरतो ती जागा. 'हायबरफिल' म्हणजे संगणक झोपवताना त्याची चालू कामं लिहून ठेवायची जागा. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' ह्या फोल्डरात बिघाड झाला तर मागे जाण्यासाठीच्या नोंदी असतात. 'विंडोज डॉट ओल्ड' म्हणजे नवी आवृत्ती टाकल्यावर राखून ठेवलेली जुनी. ती साधारण १० दिवसांनी संगणक आपणहून काढतो. घरात पहाटे उठून कुणी पाणी भरतं, चूल पेटवतं, ते झोपलेल्यांना दिसत नाही. पण ते काम थांबलं की सगळ्यांना कळतं. हे तसंच आहे.

आता आमची पहिली फजिती. एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये फाइल उघडली, की तिच्या शेजारी एक छोटी लपलेली फाइल तयार होते. नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरची खूण. फाइल सध्या कुणी उघडली आहे, त्याचं नाव तिच्यात असतं, म्हणजे दोघांनी एकाच वेळी लिहून घोटाळा नको. फाइल बंद केली की ती आपोआप जाते. आमच्या संगणकावर आता ती दिसायला लागली होती. बचत गटाच्या कर्जासाठी बँकेला हिशोब पाठवायचा होता. हिशोबाची फाइल उघडी असतानाच घाईत आम्ही नेमकी ती छोटी फाइल मेलला जोडली. बँकेतल्या साहेबांना रिकामी फाइल मिळाली. आम्हाला कळायला आठ दिवस गेले आणि एका बाईचं म्हशीचं कर्ज तेवढे दिवस अडलं. ती काही बोलली नाही, पण आम्हाला लागलं.

दुसरी चूक मात्र फजिती म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

होळीच्या आधी ओव्यांच्या सीडीचं कव्हर छापायला तोच पेनड्राइव्ह आम्ही तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात नेला. परत आणून लावला, तर सगळे फोल्डर दिसत होते, पण प्रत्येकाच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा बाण. शिवाय एक फिकट दिसणारा, बिननावाचा फोल्डर. नावाच्या जागी काहीच नाही. आता आम्ही ह्या विषयातल्या तज्ज्ञ झालो होतो ना! लपलेलं, अनोळखी, नाव नसलेलं, म्हणजे कचराच. दिलं काढून. मग गटाच्या बैठकीचे फोटो त्याच पेनड्राइव्हवर भरले.

संध्याकाळी ओव्या उघडायला गेलो, तर एकही उघडेना.

तेव्हा कळलं ते असं. पेनड्राइव्हवरून पसरणारा एक जुना व्हायरस असतो, लोक त्याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात. तो तुमच्या खऱ्या वस्तू लपवतो, कधी बिननावाच्या फोल्डरात सरकवतो, आणि त्यांच्या नावाचे खोटे दरवाजे बाहेर मांडतो. तो कोपऱ्यातला बाण म्हणजे खोट्या दरवाजाची खूण. त्यावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. खऱ्या ओव्या त्या बिननावाच्या फोल्डरात सुखरूप होत्या, आणि तोच आम्ही कचरा म्हणून टाकला. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट जाते. रेकॉर्डरचं मेमरी कार्ड आम्ही कधीच पुसून पुन्हा वापरलं होतं. लॅपटॉपमधल्या मूळ फाइलीही जागा हवी म्हणून काढल्या होत्या.

त्या रात्री आमच्यातली कुणी नीट जेवली नाही.

तालुक्याला संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्यानं सांगितलं, की फाइल काढली म्हणजे लगेच पुसली जात नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं, पण धड्याची पानं तशीच राहावीत, तसं असतं. त्या पानांवर नवं काही लिहिलं गेलं, की मग जुनं गेलंच. आम्ही बैठकीचे फोटो भरले तेव्हा नेमकं तेच केलं होतं. त्यानं खास प्रोग्रॅम लावून, मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. २३ मधल्या १४ ओव्या धड निघाल्या. आजींच्या ६ पैकी ४.

उरलेल्या ९ मधल्या ७ ओव्या ज्यांच्या होत्या, त्या बाया आहेत. आम्ही पुन्हा त्यांच्या दारात गेलो, चूक सांगितली. कुणी रागावलं नाही. एक म्हणाली, "गेली तर गेली, मी आहे ना." पण पुन्हा म्हटलेली ओवी तीच नसते, हेही खरं. आजींच्या दोन राहिल्या. ऑफिसच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या 'सेंट' फोल्डरात, म्हणजे पाठवलेल्या वस्तूंच्या प्रतींमध्ये, एक असायला हवी होती. पण जागा रिकामी करायच्या नादात तो फोल्डर आम्हीच महिन्यापूर्वी साफ केला होता. शेवटी नातीला फोन केला. तिनं ती जपली होती. रोज सकाळी ऐकते म्हणाली. तिच्याकडून ती परत आली. एक ओवी मात्र कायमची गेली. ती कुठली होती, तिचे शब्द आमच्या वहीत आहेत, पण चाल नाही.

म्हणून आता आम्ही जे पाळतो, ते तुम्हाला सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, अनोळखी फाइल दिसली की घाबरू नका आणि लगेच काढूही नका. आधी तिचा आकार बघा. चार-पाच केबीची, टिंबानं सुरू होणारी, खऱ्या फाइलीच्या जोडीला असेल, तर ती बहुतेक चिठ्ठी आहे. पण बिननावाचा फोल्डर मोठ्या आकाराचा असेल, तर त्यात तुमचीच वस्तू असायची शक्यता आहे.

दुसरं, फोल्डरांवर बाण दिसले आणि ते तुम्ही लावलेले नसतील, तर क्लिक करू नका, फॉरमॅटही करू नका. जाणत्या माणसाकडे न्या. लपलेल्या वस्तूंवरची खूण काढायची 'अॅट्रिब' नावाची साधी आज्ञा विंडोजमध्येच असते, दुरुस्तीवाल्यांना ती माहीत असते. छपाईला द्यायला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, आणि त्यात छापायचं तेवढंच भरा.

तिसरं, चुकून काही गेलं, तर त्या पेनड्राइव्हवर किंवा कार्डावर एक अक्षरही नवं भरू नका. काढून बाजूला ठेवा. आमच्या ९ ओव्या तिथेच गेल्या.

चौथं, संगणकात जागा हवी असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, आणि त्यात टेम्पररी फाइल्स. तिथे संगणक स्वतः यादी देतो. पण खूण करण्याआधी प्रत्येक नाव वाचा. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, आणि तुमची सातबाऱ्याची प्रत नेमकी तिथेच पडलेली असते.

पाचवं, मोबाइल. नव्या अँड्रॉइडमध्ये काढलेला फोटो लगेच जात नाही, साधारण ३० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो. चुकून गेला तर तिथे बघा. मेमरी कार्डात 'लॉस्ट डॉट डीआयआर' नावाचा फोल्डर दिसला, तर कार्ड कधीतरी मध्येच ओढून काढल्यामुळे तुटलेल्या फाइलींचे तुकडे त्यात जमा झालेले असतात. पेनड्राइव्ह आणि कार्ड ओढून काढू नका, आधी 'इजेक्ट' करा. व्हॉट्सअॅपनं जागा खाल्ली असेल तर त्याच्याच सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. मोठ्या आणि पुन्हापुन्हा फिरलेल्या वस्तू तिथे एकत्र दिसतात. शुभ सकाळची फुलं काढा, बिनधास्त काढा. पण आवाज ऐकल्याशिवाय आवाजाची फाइल काढू नका.

आणि सहावं, सगळ्यात मोठं. जे गेलं तर परत मिळणार नाही, त्याच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि एक दुसऱ्याच्या घरी. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, शेजारणीकडेही शेरभर असतं. आमच्या आजींची ओवी त्यामुळेच वाचली. आम्ही सांभाळली म्हणून नव्हे, नातीला दिली म्हणून.

आता आमच्याकडे २२ ओव्या आहेत. एक प्रत ऑफिसमध्ये, एक संगणक केंद्रात आणि एकेक त्या त्या बाईच्या घरी, तिच्या लेकीसुनेच्या हातात. तुमच्याही घरात कुणाचा आवाज, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं एखाद्या कार्डात पडून असेल. ह्या आठवड्यात ते एकदा लावून बघा. आहे की नाही खात्री करा. आणि दुसरी प्रत करून बहिणीला द्या.

पुढच्या वेळी गटाचा हिशोब मोबाइलवर कसा लिहायचा, ते बोलू. तोवर ह्या कार्यक्रमाचा शेवट आम्ही आजींच्या ओवीनं करतो. नातीकडून परत आली, तीच. ऐका. नमस्कार.